वाघ दिसला का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘प्रवासाचे अनुभव’ या कार्यक्रमात केलेले भाषण. संपादकांच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलण्याच्या ओघात आलेली हिंदी वाक्ये तशीच ठेवली आहेत.)



मी वक्ता नाही. उभी हयात टूल रूममध्ये गेली. तिथे बोलायचं काम मशीनचं, ऐकायचं काम आमचं. पण परवा आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभा असताना आपल्या सांस्कृतिक सचिवांनी मला गाठलं आणि म्हणाले, “काका, तुम्ही कान्हाला जाऊन आलात ना? मग वीस मिनिटं बोला.” हातात द्रोण होता, द्रोणात मोदक होता, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

डिसेंबरात कान्हाहून परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो. भाजीवाला विचारतो, बँकेतला कॅशियर विचारतो, पुण्याहून धाकटी बहीण फोन करून विचारते, “वाघ दिसला का?” मी “नाही” म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, की जणू कुणाच्या घरी जाऊन आलो ते दुखवट्यालाच. मग तेच माझं सांत्वन करतात, “असू दे हो, पुढच्या वेळी दिसेल.”

आज या व्यासपीठावरून सगळ्यांना एकदम सांगून टाकतो. वाघ दिसला नाही. पण त्या सकाळी जे दिसलं आणि माझ्या हातून जे घडलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या सौ.ला माहीत आहे, कारण ती शेजारीच बसली होती.

आम्ही सहा जण होतो. मी, सौ., आमची आठ वर्षांची नात, माझे एक जुने सहकारी, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. सहकाऱ्यांचं नाव घेत नाही. एवढंच सांगतो, की मंडळाचा हिशेब त्यांच्याकडे असतो. बघा, सगळे मागे वळून कुणाकडे बघताहेत ते!

आता आपण जबलपूरची माणसं. कान्हा आपल्या घरामागचं अंगण म्हणायला हरकत नाही. आणि आपण तिथे शेवटचे कधी गेलो? मी इथेच जन्मलो, इथेच निवृत्त झालो आणि कान्हाला पहिल्यांदा गेलो ते आता, तेही नातीने हट्ट धरला म्हणून. दिल्लीची, कोलकात्याची, परदेशातली माणसं आपल्या स्टेशनवर उतरून तिकडे जातात आणि आपण त्यांना रिक्षा दाखवतो.

शनिवारी सकाळी निघालो. बरेला, बीजाडांडी, नारायणगंज करत मंडल्याला पोचलो. तिथे नर्मदा गावाला तिन्ही बाजूंनी वेढा घालते. गोंड राजांचा पडका किल्ला तिथे आहे. पुढे बिछिया, मोतीनाला आणि गढीवरून मुक्की. कान्हाची पर्यटनासाठी चार क्षेत्रं आहेत, कान्हा, किसली, मुक्की आणि सरही. बहुतेक जबलपूरकर किसलीकडून जातात, तो रस्ता जवळचा. आम्ही मुक्की घेतलं, कारण बाकीचं बुकिंग संपलं होतं. खजिनदार म्हणाले होते, “इतक्या लवकर कशाला बुकिंग? थंडीत कोण जातंय?” सगळा देश थंडीतच जातो, हे आम्हाला संगणकाने शिकवलं.

जाणाऱ्यांसाठी इथेच दोन गोष्टी सांगून ठेवतो. जंगलाचा मुख्य भाग १ ऑक्टोबरला उघडतो आणि ३० जूनला बंद होतो. बुधवारी दुपारची फेरी नसते. बुकिंग करताना प्रत्येकाच्या ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो आणि गेटवर तेच ओळखपत्र मूळ प्रत म्हणून दाखवावं लागतं, झेरॉक्स चालत नाही. आमच्या खजिनदारांनी क्रमांक दिला होता आधारचा आणि खिशात आणलं होतं ड्रायव्हिंग लायसन्स. पहाटे साडेपाचला, दात वाजत असताना, गेटवर हा शोध लागला. वहिनींनी शांतपणे पर्समधून त्यांचं आधार कार्ड काढून दिलं. संसार चालतो तो असा.

थंडीची गंमत वेगळी सांगायला नको. आपल्याकडे थंडी असते, पण तिथल्या मोकळ्या मैदानांत पहाटे गवतावर दंव गोठून पांढरं होतं. उघड्या जिप्सीत बसून त्यातून जायचं म्हणजे अंगावर येईल ते सगळं चढवायचं. माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर, वर शाल. नात म्हणाली, “आजोबा, आता वाघाला तुमच्यातलं खायला काही सापडणारच नाही.”

गेटवर जिप्सीला एक गाईड मिळतो. तो आपण निवडायचा नसतो, त्यांच्या यादीत ज्याची पाळी असेल तो येतो. हे गाईड आसपासच्या गावांतलेच असतात. आमच्या गाडीत पस्तीस-चाळीस वयाचा, सडपातळ, खाकी स्वेटर घातलेला माणूस पुढे ड्रायव्हरशेजारी चढला. त्याने आमच्याकडे वळून नमस्कार केला आणि नियम सांगितले. गाडीतून उतरायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. काही खाली टाकायचं नाही. गाडी ठरलेल्या रस्त्यावरूनच जाईल. मोबाईल बॅगेत ठेवायचे. त्याने आपलं नावही सांगितलं असणार. मी ऐकलं नाही. मी वाघ कुठल्या बाजूने येईल ते बघत होतो.

सुरुवातीचा तासभर फार सुंदर गेला. कान्हा हे सालाचं जंगल आहे. आपल्या विदर्भातली किंवा ताडोबाकडची मंडळी सागाचं आणि बांबूचं जंगल बघून येतात, तिथे उन्हाळ्यात सगळं उघडंबोडकं होतं. साल मात्र जवळजवळ बारा महिने हिरवा. सरळसोट खोडं आणि मध्ये मध्ये माणसाच्या उंचीची वारुळं. त्या खोडांतून सूर्याची तिरीप आली, की देवळाच्या सभामंडपात बसल्यासारखं वाटतं. गाईड हळू आवाजात एकेक दाखवत होता. झाडावर वानरं आणि खाली चितळं असं जोडीने का दिसतं? वानरं वरून पाला टाकतात, तो चितळं खातात. वानराची नजर लांबवर जाते, चितळाचं नाक तेज. दोघं मिळून पहारा करतात. त्याने आम्हाला आवाज ओळखायला शिकवलं. चितळ नेहमी ओरडतं तो आवाज वेगळा आणि धोका दिसला की ओरडतं तो वेगळा. सांबर सहसा उगीच ओरडत नाही. ते ओरडलं, म्हणजे त्याने काहीतरी पाहिलंय असं समजावं.

आणि नेमकं सांबर ओरडलं.

गाडी थांबली. आणखी चार-पाच जिप्स्या येऊन थांबल्या. समोर नाला, नाल्यापलीकडे दाट झुडपं. पुन्हा सांबर, मग वानर. गाईडने बोट दाखवलं, “अंदर है. बैठा है. निकलना होगा तो निकलेगा.” आम्ही श्वास रोखून बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आवाज बंद झाले. एकेक गाडी निघून गेली. नाल्याच्या कडेने आत एक कच्ची वाट जात होती, गवत वाढलेली, पूर्वी कधी वापरात असावी. मला वाटलं, या वाटेने पन्नास पावलं गेलो, तर काम होईल.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगताना मला लाज वाटते. मी खिशातून पाचशेची नोट काढली, पुढे वाकून ड्रायव्हरच्या हाताशी नेली आणि म्हणालो, “भैया, जरा अंदर ले लो. कौन देख रहा है?”

ड्रायव्हरने गाईडकडे पाहिलं. गाईडने नोट घेतली नाही, ड्रायव्हरलाही घेऊ दिली नाही. म्हणाला, “साहब, रख लीजिए. गाड़ी रास्ते से उतरी तो मेरा कार्ड चला जाएगा.”

एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण इतका खर्च केला, इतक्या लांबून आलो, ही जी एक मस्ती आपल्या डोक्यात असते, ती बोलली. मी म्हणालो, “पैसे तो टाइगर दिखाने के ही लेते हो ना?”

तो काही बोलला नाही. पुढे वळून बसला. गाडीतलं वातावरण एकदम बदललं. खजिनदार दुर्बिणीतून भलतीकडेच बघू लागले. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ इथे बसलेल्या सगळ्या विवाहित पुरुषांना कळतो. नातीने माझी शाल ओढली आणि कानात विचारलं, “आजोबा, ते काका तुमच्यावर रागावले का?”

न्याहारीसाठी गाड्या थांबायची ठरलेली जागा असते, तिथे खाली उतरता येतं. सौ.ने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं काढलं, पहिल्या चार पुऱ्या कागदावर ठेवून गाईड आणि ड्रायव्हरला दिल्या आणि मग आम्हाला. नातीने गाईडला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. तो तिला उत्तरं देत होता, “बिटिया, ये देखो, बिटिया, वो देखो.” माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलत होता.

तिथून पुढे आम्ही एका मोठ्या मैदानाच्या कडेला आलो. त्या भागात सौंफ नावाचं मैदान प्रसिद्ध आहे. खजिनदार म्हणाले, “बडीशेप? जेवणानंतरची?” बऱ्याच वेळाने गाडीत कुणीतरी हसलं.

उंच सोनेरी गवतात, अर्धं अंग बुडालेले, बारशिंगे उभे होते. वीस-पंचवीस असतील. आपण मराठी माणसं मोठी शिंगं दिसली की सरसकट सांबर म्हणतो. सांबराच्या शिंगाला साधारण तीन टोकं. बारशिंग्याचं शिंग बरंच वर सरळ जातं आणि मग त्याला फांद्या फुटतात. बाराच टोकं असतात असं नाही, दहा ते चौदा असू शकतात. देशात बारशिंग्याचे तीन प्रकार आहेत. दुधव्याकडचा आणि आसामातला हे दोघं दलदलीत राहणारे. कान्हाचा मात्र टणक जमिनीवरचा, त्याचे खूरही तसेच घट्ट. मध्य प्रांताचे इंग्रज वन अधिकारी डनबार ब्रँडर यांचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे.

त्यातल्या एका मोठ्या नराने शिंगांत गवताचे झुबके अडकवून घेतले होते. दोन्ही बाजूंनी लांब लांब काड्या लोंबत होत्या. नात टाळ्या वाजवणार होती, पण नियम आठवून तिने हात तोंडावर धरले आणि म्हणाली, “आजोबा, त्याने मुंडावळ्या बांधल्यात!”

सौ.ने ते हिंदीत गाईडला सांगितलं. तो पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. म्हणाला, “बिटिया ने सही पकड़ा. शादी का ही मौसम है.” डिसेंबर-जानेवारी हा त्यांचा विणीचा हंगाम. नर गवतात शिंगं घुसळतात, तो साज घेऊन मिरवतात आणि लांबवर ऐकू जाईल असे ओरडतात. आम्ही तो आवाज ऐकला. एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून असा बारीक सूर निघेल असं वाटत नाही.

मग त्याने जे सांगितलं, ते मी घरी येऊन पुस्तकांत पडताळून पाहिलं. १९७० साली कान्हात या जातीचे फक्त ६६ बारशिंगे उरले होते. आणि टणक जमिनीवरचा बारशिंगा जगात दुसरीकडे कुठे राहिलेलाच नव्हता. म्हणजे जो काही होता, तो या एका जंगलात. शिकार झाली, कुरणं नांगराखाली गेली, उरलेल्या गवताला आगी लागायच्या. बारशिंगा सांबरासारखा झाडपाल्यावर जगत नाही, त्याला गवतच लागतं. उंच गवत नसेल तर पाडस लपवायला जागा नाही. कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली. गंमत बघा, तेव्हा या राज्याची राजधानी नागपूर होती, १९५६ पर्यंत. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत कान्हा होतं आणि आपलं मेळघाटही होतं. पण वाघाच्या आधी इथे बारशिंग्याला वाचवायची धडपड सुरू झाली होती. कुंपण घालून एक मोठं आवार केलं, तिथे त्यांची वीण सुरक्षित होऊ दिली. त्या काळी मंडल्याचे जिल्हाधिकारी होते एम. के. रणजितसिंह. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आसामातल्या बारशिंग्याच्या शास्त्रीय नावात त्यांचंच नाव आहे. त्यांच्या आणि उद्यानाचे संचालक एच. एस. पनवार यांच्या काळात जंगलातली गावं बाहेर हलवायला सुरुवात झाली. सौंफ हे त्यांतलं पहिल्या काही गावांपैकी एक. गाव उठलं, शेतं पडीक झाली, तिथे गवत आलं आणि गवतामागून बारशिंगे आले. आज कान्हात त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. इथून नेलेले बारशिंगे २०१५ पासून सातपुड्याच्या जंगलात आणि २०२३ पासून बांधवगढमध्येही नांदताहेत. बारशिंगा हा आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे, हे शाळेतल्या मुलांना माहीत असेलच.

हे सगळं गाईड सांगत होता आणि आम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आलो. तिथे आंब्याची पाच-सहा मोठी झाडं होती, एका ओळीत. आमच्या वहिनी कोकणातल्या. त्यांना आंबा दिसला की राहवत नाही. त्या म्हणाल्या, “जंगलात आंबा असा रांगेत कसा उगवला?”

गाईडने ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं. जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “यहाँ गाँव था, भाभीजी. हमारा.”

त्याच्या आजोबांचं घर तिथे होतं. आजोबा तरुण असताना गाव उठलं. बाहेर जमीन मिळाली, घरं बांधली, वडिलांचा जन्म नव्या गावातला आणि याचाही. पण आजोबांच्या बोलण्यात कायम हेच गाव. याला गाईडचं कार्ड मिळालं, तेव्हा पहिल्या दिवशी ड्यूटी करून घरी गेल्यावर आजोबांनी पगाराचं विचारलं नाही. विचारलं, “आम खड़े हैं?” झाडं उभी आहेत का? त्यानंतर जेव्हा जेव्हा त्याची गाडी या बाजूला यायची, तेव्हा तो घरी जाऊन सांगायचा, आज मोहोर आलाय, आज कैऱ्या धरल्यात, एक फांदी वादळात पडली. आजोबा काही वर्षांपूर्वी गेले.

माझ्या मित्राच्या मुलाने विचारलं, “आप कभी उन पेड़ों के पास गए हो?”

तो म्हणाला, “नहीं भैया. टूरिस्ट के साथ आता हूँ ना. गाड़ी से उतरना मना है. नियम सबके लिए एक.”

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. आपण गाडीचा नंबर सांगतो तसं त्याने सांगितलं. पण मित्रहो, माझ्या खिशातली ती पाचशेची नोट मला एकदम जड झाली. या माणसाने आपल्या आजोबांच्या आंब्याला हात लावायला कधी नियम मोडला नव्हता. त्याला कुणी पाहणारंही नव्हतं. आणि मी त्याला माझ्या वाघासाठी नियम मोडायला सांगत होतो, वर त्याच्या कमाईवर बोललो होतो.

तुम्ही-आम्ही सगळे गाव सोडून आलेलीच माणसं आहोत. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून नोकरीसाठी जबलपूरला आले. आपण त्या गावाचं किती कौतुक करतो! मे महिन्यात गेलो, की एस.टी.तून उतरल्याबरोबर आधी परसातल्या आंब्याला हात लावतो, मग घरात पाय ठेवतो. आपण पोटासाठी आलो, आपल्या पायांनी आलो, आणि परत जायची वाट उघडी ठेवून आलो. त्याचं गाव गाडीतून तीस पावलांवर आहे आणि तिथे त्याला उतरता येत नाही.

मी कुणाची बाजू घ्यायला उभा नाही. गावं हलली नसती, तर कदाचित तो मुंडावळ्यांचा नवरदेव आज कुणालाच दिसला नसता. हे खरं आहे. मी त्याला विचारलं, “आपको क्या लगता है?” तो विचार करून म्हणाला, “बारहसिंगा बच गया, ये अच्छा हुआ. दादा भी यही बोलते थे. फिर चुप हो जाते थे.” हेही तितकंच खरं आहे. आपण तिकीट काढून जे बघायला जातो, त्याची किंमत आपल्या आधी दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते. पावतीवर ती नसते, म्हणून आपल्याला वाटतं, की आपणच सगळं मोजलं.

परतीच्या वाटेवर, गेटपासून थोड्या अंतरावर, गाईडने गाडी थांबवून खाली बोट दाखवलं. सकाळी गेलेल्या गाड्यांच्या चाकांच्या खुणा धुळीत होत्या आणि त्या खुणांच्या वर, अगदी ताजे, वाघाचे पंजे. आम्ही नाल्यापाशी डोळे फोडून बसलो होतो, तेव्हा एखादा वाघ आमच्याच रस्त्याने निवांत चालत गेला होता. नात ओणवून कितीतरी वेळ ते ठसे बघत होती. खजिनदार म्हणाले, “चला, सही मिळाली, माणूस नाही भेटला.”

गेटवर उतरल्यावर मी गाईडला बाजूला घेतलं. या वयात माफी मागायची सवय राहिलेली नसते. कसंबसं म्हणालो, “भैया, सुबह मैं गलत बोल गया. माफ करना.” त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “कोई बात नहीं साहब. टाइगर के चक्कर में सबसे हो जाता है.” मग मी त्याला सकाळी करायला हवं होतं ते केलं, त्याचं नाव विचारलं. ते मी डायरीत लिहून ठेवलं आहे. त्याला आणि ड्रायव्हरला बक्षिसी दिली, उघड्यावर, नातीच्या हाताने. ती त्याने घेतली.

तर बंधू-भगिनींनो, माझी मंडळाला एक सूचना आहे. येत्या थंडीत कॉलनीतल्या मुलांची एक सहल कान्हाला काढावी. बुकिंग वेळेवर करावं, त्यासाठी खजिनदारांवर अवलंबून राहू नये. गरम कपडे, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, शक्य असेल तर एक दुर्बीण न्यावी. भडक रंगाचे कपडे आणि अत्तर टाळावं. प्लॅस्टिकचा कागदसुद्धा परत आणावा. आणि गाडीत बसल्यावर मुलांनी सगळ्यांत आधी गाईडला त्याचं नाव आणि गाव विचारावं. वाघ दिसला तर उत्तमच. नाही दिसला, तर सालाची झाडं आहेत, वारुळं आहेत, बारशिंगे आहेत आणि मैदानाच्या कडेला एका ओळीत उभे असलेले आंबे आहेत.

मी मे महिन्यात गाईडला फोन केला होता. त्याचा नंबर सौ.ने घेऊन ठेवला होता. तो म्हणाला, यंदा मोहोर चांगला आला होता, वानरांनी कैऱ्या फार पाडल्या. झाडं उभी आहेत.

उद्यापासून कुणी मला “वाघ दिसला का?” विचारलं, तर मी “नाही” म्हणेन. पण कृपा करून माझं सांत्वन करू नका.

 गणपती बाप्पा मोरया!